नक्कीकाकांचं नाक

हॉटेलच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या रांगेपलीकडे, जिथे वरच्या मजल्यांचे सगळे पाइप एकत्र येऊन भिंतीच्या पोटात गुडगुडतात, तिथे डागांचं टेबल होतं. पांढऱ्या लादीचं. वर ट्यूबलाइट, बाजूला सात बाटल्या, दोन ब्रश आणि वाफेची नळी. तीनशे खोल्यांतली माणसं स्वतःवर जे काही सांडत, ओकत आणि पुसत, ते शेवटी या टेबलावर यायचं. टेबलामागे एकोणतीस वर्षं एकच माणूस उभा होता. तो कपडा नाकाशी न्यायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि डाग कशाचा, किती तासांचा, मधे कुणी पाणी लावून वाट लावली का, हे सांगून मोकळा व्हायचा. मग चिठ्ठी लिहून ती कपड्याला टाचायची. चिठ्ठीवर एकच शब्द असायचा. चहा. रक्त. शाई. एका नव्या माणसाने एकदा 'बहुधा चहा' असं लिहिलं, तर ती चिठ्ठी त्याच्याच खिशाला टाचली गेली होती. "बहुधा कुठल्या बाटलीने निघतो? दाखव मला, सात बाटल्या आहेत."

तेव्हापासून सगळे त्यांना नक्कीकाका म्हणत. त्यांनाही ते आवडायचं.

ही सवय कपड्यांपुरती राहिली असती तर जगाला फारसा त्रास नव्हता. पण नक्कीकाका बसमध्ये शेजारच्याची कॉलर बघत आणि घरी येऊन सांगत, "बायको माहेरी गेलेली असणार त्याची." समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवा लागला नाही तर "भांडण झालेलं असणार." डॉक्टरच्या बाहीवर खडूची भुकटी दिसली तर "मुलाचा अभ्यास हाच घेत असणार, म्हणून तर हा माझं ऐकत नाही." यातलं काही तपासायला कुणी कधी गेलं नाही. न तपासलेला अंदाज चुकत नाही, आणि नक्कीकाकांची सगळी कीर्ती या एका खुंटीवर टांगलेली होती.

आणि मग त्यांचं नाक गेलं.

ते एका दिवसात गेलं नाही. तळघरातल्या वाफेने, सात बाटल्यांनी, एकोणतीस वर्षांनी ते हळूहळू घासून नेलं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी अमोनियाची बाटली उघडली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण नाकात काहीच नाही. जणू कुणी दाराची बेल वाजवतंय आणि घरात आवाजच येत नाही. त्यांनी बाटली हुंगली, परत हुंगली, कंपनीने पाणी भरून पाठवलेलं असणार असं ठरवलं, आणि थोडं हातावर ओतून घेतलं. हाताची दोन दिवस सालं निघत होती.

कुणालाही सांगितलं नाही. डागांच्या टेबलावरच्या माणसाला वास येत नाही म्हणजे काय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आधीचा माणूस असाच गेला होता. त्याला तेव्हा मागच्या दाराशी टॉवेल मोजायला बसवलं होतं, आणि त्याच्याकडे बघून नक्कीकाका स्वतःच म्हणायचे, "संपला तो."

मग त्यांनी एक युक्ती काढली. शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावर चाळिशीचा एक माणूस होता, ज्याला सगळे बघूया म्हणत. जेवायला चलतोस का, बघूया. पगार झाला का, बघूया. लग्नात सुद्धा त्याने हो म्हणायच्या ऐवजी तेच म्हटलं, असं लॉन्ड्रीतले लोक शपथेवर सांगत. नक्कीकाका त्याच्यापुढे कपडा धरायचे.

"हं. सांग बरं. कशाचा?"

"मी कशाला काका, तुम्ही आहात की."

"मला माहितीये रे. तुझी परीक्षा घेतोय. उद्या मी नसलो तर काय कपाळ हुंगणार आहेस माझं?"

बघूया हुंगायचा. त्याचं नाक कुत्र्यासारखं होतं, पण जिभेला हाड नसतं तसा त्याच्या बोलण्याला शेवट नव्हता. "कॉफी असेल. चॉकलेटही असेल. काय सांगता येतं?" यावर नक्कीकाका तुच्छतेने हसायचे, "वीस वर्षं इथे घासतोयस आणि अजून 'असेल'वर आहेस," आणि चिठ्ठीवर ठसठशीत लिहायचे: कॉफी. सगळ्या लॉन्ड्रीत बोलबाला झाला की काकांनी इतका जीव लावून कुणाला कधी शिकवलं नव्हतं. बघूयाच्या बायकोने एकदा नक्कीकाकांच्या पायाही पडून घेतलं.

पण उसन्या नाकाला मर्यादा असतात. गेल्या महिन्यात बघूया रजेवर होता. एका पाहुणीचा रेशमी ब्लाउज आला, तपकिरी डाग. आदल्या रात्री मेजवानीत सूप होतं, हे नक्कीकाकांनी भटारखान्याला फोन करून काढलं, त्यावर मनाशी शिक्का मारला आणि अमोनिया लावला. डाग चहाचा होता. चहाला अमोनिया लागला की तो कापडाचाच होऊन जातो. नक्कीकाकांनी चिठ्ठी लिहिली: जुना डाग, निघणार नाही. पाहुणी निघून गेली, गोष्ट दबली. पण त्या दिवसापासून टेबलापाशी आलं की ते आधी बघूया जागेवर आहे का ते बघायचे. दुसरा ब्लाउज कधीही येऊ शकत होता.

म्हणून त्यांना वरच्या काउंटरची खुर्ची हवी होती.

हॉटेलच्या तळमजल्यावर, मोठ्या खिडकीशी, पाहुण्यांचे कपडे घ्यायचं काउंटर होतं. तिथला माणूस निवृत्त होणार होता. काउंटरवर नाकाचं काही काम नव्हतं. कपडा घ्यायचा, डागाकडे बघून पाहुण्याला इंग्रजीत सांगायचं की हा अमुक असणार, हसायचं, पावती द्यायची. पुढचं तळघर बघून घेईल. त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षेआधी मंगळवारी आणि शुक्रवारी कॅन्टीनमध्ये क्लास.

शिकवायला एक तरुण बाई यायच्या. त्यांच्याकडे प्लॅस्टिकमध्ये घातलेली चित्रं होती. नववा धडा अंदाज बांधायचा होता.

"तीन शब्द आहेत," बाई म्हणाल्या. "पक्का पुरावा असेल तर मस्ट, म्हणजे असणारच. खात्री नसेल तर माइट, म्हणजे असेलही, नसेलही. आणि शक्यच नसेल तर कान्ट." त्यांनी एक चित्र वर धरलं. एक शिडी, तिच्या खाली डोक्याला पट्टी बांधलेला माणूस. "काका, तुम्ही सांगा. ही मस्ट हॅव..."

"हा शिडीवरून पडलेला नाही," नक्कीकाका म्हणाले.

"नाही?"

"कपडे बघा की त्याचे. शर्टावर एक सुरकुती नाही. शिडीवरून पडणारा माणूस असा इस्त्रीत पडतो का? हा घरून पट्टी बांधून आलेला असणार. विम्याचं काहीतरी असणार."

कॅन्टीन खदखदलं. बाईही हसल्या. "बरं, तेच मस्ट लावून सांगा."

त्यांनी सांगितलं, आणि घडाघडा सांगितलं. मस्ट हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला की जणू बत्तिशी त्याच मापाची केली होती. कान्टही जमला. अडलं ते माइटपाशी. बाई म्हणायच्या, "ही माइट बी टायर्ड," आणि नक्कीकाकांचे ओठ मिटायचे, म नाकातून निघायचा आणि मस्ट होऊन बाहेर पडायचा.

"तुम्हाला कधी खात्री नसते असं होतच नाही का काका?" बाईंनी विचारलं.

"नाही," नक्कीकाका म्हणाले. बघूया मागच्या बाकावरून म्हणाला, "होतही असेल," आणि सगळे हसले, फक्त नक्कीकाका सोडून.

घरी सराव बायकोवर चालायचा. दोघंच राहत होती, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. बायको भाजी चिरत असायची आणि हे दारात उभे राहून तिच्यावर इंग्रजी वाक्यं सोडायचे. "यू मस्ट बी टायर्ड. यू मस्ट हॅव गॉन टू युवर सिस्टर."

"बहिणीकडेच गेले होते. सकाळी सांगून गेले की."

"सांगितलं नसतंस तरी कळलंच असतं. चपलेला लाल माती आहे."

"मग सरळ चपलेशीच बोला ना," ती म्हणायची.

पण एका बाबतीत नक्कीकाकांना बायकोची खरी काळजी होती. दोन वर्षांपासून तिला गॅसचं वेड लागलं होतं. बाहेर जाताना शेगडीची बटणं बघायची, मग खाली वाकून सिलिंडरचा खटका बंद करायची, दारापर्यंत जायची, परत यायची, परत बघायची. बहिणीच्या घरून फोन करून विचारायची, "अहो, दूध तापवलंत का? खटका बंद केलात?" नक्कीकाकांनी पुरावे गोळा केले आणि निकाल दिला: विसरायचा आजार. सुरुवात असणार. मेहुण्याला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं, "तुझ्या ताईचं जरा... म्हणजे आत्ता हाताबाहेर नाही, पण तयारी ठेव." तिला डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरने पाच वस्तूंची नावं सांगून दहा मिनिटांनी विचारली. तिने पाचही सांगितली, वर बाहेर कंपाउंडर कुणाला कुठल्या गोळ्या सांगत होता तेही सांगितलं. "डॉक्टर नवीन असणार," नक्कीकाका रिक्षात म्हणाले. बायको बाहेर बघत होती.

परीक्षेचा शुक्रवार आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत साहेब, बाई आणि भिंतीलगत चार उमेदवार. साहेबांपुढे एक छापील कागद होता, त्यात चौकोन: मस्ट वापरला का, कान्ट वापरला का, माइट वापरला का, कारण दिलं का, आवाज स्पष्ट होता का. तीन शब्दांपैकी दोन आले तरी चालणार होते. खोलीला खिडकी नव्हती. थंड हवेची यंत्रणा होती, ती त्या दिवशी बंद होती.

आता बाईंनी एक चांगलं काम केलं, आणि चांगल्या मनाने केलेल्या कामाइतकं गळ्याशी येणारं दुसरं काही नसतं. चित्रांशी नक्कीकाकांचं पटत नाही, हे त्यांनी क्लासमध्ये बघितलं होतं. म्हातारा माणूस आहे, त्याच्या धंद्यातलं काहीतरी देऊ, असं त्यांना वाटलं. मस्ट म्हणायला पक्का पुरावा हवा. म्हणून त्यांनी घरून एक पांढरा नॅपकिन आणला होता, डोळे बांधले तरी ओळखता येईल अशा डागाचा. त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि नॅपकिन टेबलावर पसरला. "काका, तुमच्यासाठी खास."

नॅपकिनवर काळं फिनेल सांडलेलं होतं.

तो वास कसा होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आयुष्यभर आठवेल, एका माणसाखेरीज. साहेबांनी रुमाल काढून नाकावर धरला. उमेदवारांतली एक बाई उठून दाराशी गेली. बघूया खोकत सुटला. साऱ्या हॉटेलच्या मुताऱ्या जणू एका दमात श्वास सोडत होत्या.

नक्कीकाका पुढे आले. नॅपकिन उचलला, सवयीने नाकाशी नेला, डोळे अर्धे मिटले. किती तरी वेळ त्यांनी तो तसाच धरला. खोलीतल्या लोकांना वाटलं, काय हिंमत आहे या माणसाची. मग त्यांनी कापड उजेडात धरलं. तपकिरी. कडेला गडद रेघ, मधे फिकट. गेल्या महिन्याचा ब्लाउज त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. एकदा फसलो, दोनदा नाही.

"इट मस्ट बी टी," ते म्हणाले. खणखणीत. "इट कान्ट बी सूप. बिकॉज द बॉर्डर इज डार्क."

खोली शांत झाली. बघूयाचा खोकला सुद्धा थांबला. बाईंचं तोंड किंचित उघडं राहिलं. ही शांतता म्हणजे दाद, हे नक्कीकाकांनी ताडलं, आणि माणूस दाद मिळाली की करतो तेच केलं: आणखी पुढे गेले. साहेबांकडे वळले, त्यांच्या रुमालाकडे बघितलं, डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं, आणि आपुलकीने म्हणाले, "अँड यू, सर, यू मस्ट हॅव अ कोल्ड."

साहेबांनी रुमालाआडून त्यांच्याकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं. मस्ट, दोनदा. कान्ट. कारण. आवाज स्पष्ट. डाग खरंच कशाचा होता याचा चौकोन कागदावर नव्हता. ज्याचा चौकोन नाही त्याच्यावर डोकं चालवायचं साहेबांना वरून पत्र नव्हतं.

"फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले. "वर चेष्टाही करतो गडी. पाहुण्यांना असाच माणूस लागतो. नेक्स्ट."

नेक्स्ट बघूया होता. त्याने नॅपकिन हातभर लांब धरला. "इट माइट बी फिनेल," तो म्हणाला. "इट माइट नॉट बी." कारण विचारल्यावर त्याने खांदे उडवले. साहेबांनी एका चौकोनात खूण केली आणि कागद उलटा ठेवला. त्या खोलीत खरं बोललेला तो एकटा माणूस होता, आणि तोच नापास झाला.

नक्कीकाकांनी फिनेल हा शब्द ऐकला, पण तो बघूयाचा शब्द होता. त्यांनी मान हलवून तो झटकला.

कॉरिडॉरमध्ये बाईंनी त्यांना गाठलं. "काका, एक मिनिट." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तुम्हाला वास येत नाही ना?"

"सर्दी आहे जरा," नक्कीकाका म्हणाले.

"सर्दी साहेबांना होती ना?"

जिन्यावरून कुणीतरी ट्रॉली ओढत होतं, तिची चाकं प्रत्येक पायरीवर आपटत होती.

"ते फिनेल होतं काका. मला अजून कपड्यांना येतोय वास. मी कुणाला सांगणार नाही, घाबरू नका. पण घरी सांभाळा. गॅस वगैरे कोण बघतं तुमच्याकडे?"

"बायको बघते," नक्कीकाका म्हणाले. "दहादा बघते. तिला विसरायचा..."

आणि वाक्य तिथेच अडकलं. दोन वर्षं. अमोनियाची बाटली दोन वर्षांपूर्वीची. खटका दोन वर्षांपासूनचा. एवढे उघडे पुरावे कुठल्याही चित्रात नव्हते. त्यांनी बाईंच्या डोक्यामागच्या भिंतीवर नजर लावली आणि म्हणाले, "येतो मी. बस जाईल."

घरी बायको बाहेर निघायच्या तयारीत होती. बहिणीकडे जायचं होतं. नक्कीकाकांनी बूट काढले नाहीत.

"काउंटर मिळालं," ते म्हणाले. "सोमवारपासून."

"बरं झालं. निदान ते वाफेचं तळघर सुटलं."

"तुला कधीपासून माहितीये?"

तिने पिशवीचे बंद जुळवले. कशाबद्दल, असं विचारलं नाही. "दूध करपून घरभर धूर झाला होता. तुम्ही तिथेच बसून पेपर वाचत होतात. वर म्हणालात, शेजाऱ्यांचा स्टोव्ह भडकलेला असणार."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? तुम्हाला कुणी काय सांगायचं? तुम्हाला सगळं आधीच माहीत असतं." तिने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "भाऊ महिन्याला फोन करून मला विचारतो, ताई आज वार कोणता? मी मुकाट सांगते. त्याला सांगा आता, काय झालंय आणि कुणाला झालंय."

ती समोर उभी राहिली. फोन लागला. पलीकडून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ताई ठीक आहे ना?"

नक्कीकाकांनी तोंड उघडलं. जीभ एका बाजूला वळली, मग दुसऱ्या. एकोणतीस वर्षांच्या चिठ्ठ्या तिच्यावर टाचलेल्या होत्या. "एकदम ठीक," ते म्हणाले. "बराच फरक आहे. गोळ्यांचा गुण आलेला असणार."

कुठल्याच गोळ्या नव्हत्या. बायकोने ते ऐकलं. रागावली नाही, रडली नाही. आधी तिला थोडं हसू आलं, मग तेही गेलं. तिने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, आणि दारातून मागे न वळता म्हणाली, "आज गॅस मी बघितलेला नाही. तुम्ही बघा."

दार लागलं.

नक्कीकाका स्वयंपाकघरात गेले. बटणं सरळ होती. खाली वाकून खटका फिरवला. तो बंद झाला, की बंदच होता तो आत्ता उघडला? परत फिरवला. शेगडीशी नाक नेलं आणि जोरात हुंगलं. काही नाही. काही नाही म्हणजे गॅस नाही, की नाक नाही? ते खुर्चीवर बसले, उठले, परत वाकले. साडेसहा वाजले होते, दिवा लावायची वेळ होत होती, आणि दिव्याच्या बटणापर्यंत गेलेला हात त्यांनी ठिणगीच्या भीतीने मागे घेतला.

मग त्यांनी बघूयाला फोन केला. तो पुढच्याच गल्लीत राहत होता.

"घरी ये जरा. लगेच."

"काय झालं काका?"

"काही नाही. परीक्षा घ्यायचीय तुझी. आता माझं टेबल तुलाच सांभाळायचंय ना?"

बघूया आला तेव्हा नक्कीकाका दाराबाहेर पायरीवर बसले होते, बूट तसेच. खिडक्या सताड उघड्या होत्या. त्यांनी हाताने आत खूण केली. "स्वयंपाकघरात जा. वास घे आणि सांग."

"कशाचा वास?"

"तेच तू सांगायचंस, गाढवा."

बघूया आत गेला. नक्कीकाका कान देऊन बसले. आत पावलं थांबली. एक लांब श्वास ऐकू आला, मग दुसरा. बघूया दारात येऊन उभा राहिला. त्याने नाक चोळलं, एकदा आत बघितलं, एकदा काकांकडे.

"काय रे?" नक्कीकाकांचा आवाज चिरकला. "आहे का नाही? एक काहीतरी सांग. नक्की सांग."

बघूयाने परत एकदा आत नाक वळवलं.

"नसेल," तो म्हणाला, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. "काकू येईपर्यंत थांबूया का? त्यांना बघू दे."